पुठ्ठ्यातली शिरगणती

आमच्या वडगावच्या घरात दोन हातमाग होते आणि त्यांतल्या एकाच्या डोक्यावर जकार्ड बसवलेले होते. लुगड्याच्या काठातली नक्षी त्या जकार्डातून उतरायची. जाड पुठ्ठ्याच्या लांबट पट्ट्या, दोऱ्याने एकीला एक शिवलेल्या, आणि प्रत्येकीवर भोकेच भोके. अप्पांनी पायटा दाबला की वर ‘खटक’ असा आवाज व्हायचा, माळेतला एक पुठ्ठा पुढे सरकायचा, ताण्याचे काही धागे वर उचलले जायचे आणि त्यांच्या खालून धोटा धावायचा. फाटून टाकून दिलेला पुठ्ठा आम्हा मुलांना खेळायला मिळे. कंदिलापुढे धरला की भिंतीवर उजेडाचे ठिपके पडत. या ठिपक्यांतून कुयरी कशी होते हे काही केल्या कळत नसे. अप्पा एवढेच सांगायचे, की पुठ्ठा स्वतः काही करत नाही. कुठला धागा उचलायचा आणि कुठला नाही एवढे सांगतो.

१९६६ साली मी मुंबईला गेले. फोर्टमधल्या एका मोठ्या कचेरीत ‘पंच ऑपरेटर’ म्हणून मला नोकरी लागली होती. पहिल्याच दिवशी आमच्या सुपरवायझरबाईंनी माझ्या हातात एक कार्ड ठेवले. सव्वासात-साडेसात इंच लांब, सव्वातीन इंच रुंद, पिवळसर, एक कोपरा तिरका कापलेला, आणि त्यावर बारीक उभट चौकोनी भोके. बाई इंग्रजीतून समजावून सांगत होत्या आणि माझ्या मनात एकच विचार: हा तर अप्पांचा पुठ्ठा! हसतील म्हणून बोलले नाही. पुढे वाचनालयांतून मिळेल ते वाचत गेले, तेव्हा लक्षात आले की माझा अंदाज अगदीच चुकीचा नव्हता. मात्र पुरता बरोबरही नव्हता.

मागाची गोष्ट फ्रान्समधल्या लियों शहराची. रेशीम विणणाऱ्यांचे हे गाव. नक्षीचे कापड विणताना मागावर चढून हाताने धागे ओढणारा एक पोरगा लागायचा. तो चुकला की नक्षी चुकली. १७२५ साली बाझील बुशाँ या कारागिराने भोके पाडलेल्या कागदाच्या गुंडाळीने हे काम करून पाहिले. तीन वर्षांनी त्याचा सहकारी फाल्कों याने गुंडाळी टाकून एकमेकांना जोडलेले पुठ्ठे वापरले. गुंडाळी फाटली तर सगळीच जाते, पुठ्ठा फाटला तर एकच बदलावा लागतो. पुढे वोकाँसाँ या यंत्रकुशल गृहस्थाने आणखी सुधारणा केली. या सगळ्यांचे काम एकत्र करून, १८०१ ते १८०४ या काळात, जोझेफ मारी जकार्डने जे यंत्र उभे केले, त्याला जगभर त्याचेच नाव मिळाले. पुठ्ठ्यावर सुया टेकतात. जिथे भोक आहे तिथे सुई आत जाते आणि तिचा आकडा धागा उचलतो, जिथे भोक नाही तिथे सुई मागे ढकलली जाते आणि धागा खालीच राहतो. सगळी करामत एवढीच. जकार्डच्या मृत्यूनंतर, १८३९ साली, लियोंमध्येच त्याचे रेशमात विणलेले एक चित्र तयार झाले. त्याला चोवीस हजारांच्या आसपास पुठ्ठे लागले होते. इंग्लंडच्या चार्ल्स बॅबेजने त्यातले एक चित्र मिळवून आपल्या घरी लावले होते आणि आपल्या नियोजित गणकयंत्राला असेच पुठ्ठे हुकूम देतील अशी योजना त्याने आखली होती. ते यंत्र पुरे झाले नाही. संगणकाचा इतिहास सांगणारे बहुतेक जण जकार्डहून बॅबेजकडे आणि बॅबेजहून थेट आजच्या काळात उडी मारतात. मधली शंभर वर्षे पुठ्ठ्यांनी जे काम खरोखर केले, ते कारकुनी असल्यामुळे असेल, कुणाला फारसे सांगावेसे वाटत नाही. मी कारकूनच होते, म्हणून मला ते सांगावेसे वाटते.

एक फरक मात्र आधी सांगायला हवा. मागावरचे भोक हुकूम देते. आमच्या कचेरीतल्या कार्डावरचे भोक हुकूम देत नव्हते. ते साक्ष देत होते. अमुक माणूस अमुक वयाचा आहे, अमुक हप्ता अमुक तारखेला भरला. भोकाला साक्षीला उभे करण्याची ही कल्पना अमेरिकेतली, आणि तिचे मूळ शिरगणतीत आहे.

अमेरिकेत दर दहा वर्षांनी खानेसुमारी होते. १८८० सालच्या मोजणीत लोकसंख्या पाच कोटींवर गेली आणि ते कागद मोजता मोजता कारकुनांची सात-आठ वर्षे गेली. मोठमोठ्या तक्त्यांवर चार उभ्या रेघा आणि पाचवी आडवी, अशा खुणा करत माणसे बसलेली असत. एक माहिती मोजून झाली, की दुसरीसाठी तेच कागद पुन्हा पहिल्यापासून. लोकसंख्या वाढतच होती. १८९० ची मोजणी १९०० पर्यंत संपेल की नाही, अशी धास्ती पडली.

या कचेरीत हर्मन होलेरिथ नावाचा एक विशीतला तरुण कामाला होता. जन्म १८६० चा, बफेलो गावचा. आईवडील जर्मनीतून येऊन स्थायिक झालेले. शाळेत शब्दांचे स्पेलिंग त्याला जमत नसे आणि त्या तासाला तो खिडकीतून पळून जात असे, अशी आठवण सांगतात. (घरी एक भाषा आणि शाळेत दुसरी, अशा पोरांचे हाल आपल्याकडच्या वाचकांना सांगायला नकोत.) तो खाणकामाच्या महाविद्यालयातून इंजिनिअर झाला आणि आपल्या प्राध्यापकांबरोबर खानेसुमारीत आला. तिथे जन्ममृत्यूच्या आकडेवारीचे काम डॉ. जॉन शॉ बिलिंग्ज पाहत. एका रविवारी संध्याकाळी डॉक्टरांच्या घरी चहाच्या टेबलावर ते म्हणाले, की ही निव्वळ यांत्रिक मोजदाद करायला एखादे यंत्र असायला हवे. ही सूचना डॉक्टरांची, हे होलेरिथने पुढे स्वतःच लिहून ठेवले आहे. त्याबद्दल त्याला मी मानते. एवढा मोठा शोध लावलेली माणसे दुसऱ्याचे देणे सहसा लक्षात ठेवत नाहीत.

पहिल्यांदा त्यानेही बुशाँसारखी कागदाची लांब पट्टीच घेतली, १८८४ साली तिच्यावर पेटंटचा अर्जही केला. अडचण तीच. एका गावचे लोहार किती हे पाहायचे तर सगळी पट्टी उलगडत बसा. माणसागणिक वेगळे कार्ड केले, तर ती कार्डे पत्त्यांसारखी पिसता येतील, वेगळी करता येतील, पुन्हा एकत्र करता येतील, हे त्याला उमगले. त्या काळी अमेरिकेतल्या रेल्वेत तिकीट चोरून दुसऱ्याने वापरू नये म्हणून कंडक्टर तिकिटाच्या कडेला भोके पाडून उतारूचे वर्णन टिपून ठेवीत. केस फिके, डोळे काळे, नाक मोठे. याला भोकांनी काढलेले छायाचित्रच म्हणत. होलेरिथने प्रवासात हे पाहिले आणि त्यातून आपल्याला वाट सापडली असे तो सांगे.

१८८६-८७ च्या सुमारास बाल्टिमोर शहराच्या मृत्यूच्या नोंदींवर त्याने प्रयोग केला. कार्डे टोचायला त्याच्याजवळ कंडक्टरचाच चिमटा होता. चिमटा कडेपासून फार आत पोहोचत नाही, म्हणून भोके फक्त कडेकडेने. हजारो कार्डे टोचून त्याचा दंड सुजून गेला. त्या दुखण्यातून त्याचे पुढचे यंत्र जन्मले. टेबलावर भोकांची पट्टी आणि तिच्यावर फिरणारा एक दांडा. दांड्याचे टोक पट्टीवरच्या हव्या त्या खुणेत दाबले, की मागे कार्डावर नेमक्या त्याच जागी भोक पडे.

सरकारने १८८९ मध्ये तीन पद्धतींची चढाओढ लावली. सेंट लुईस शहरातल्या साडेदहा हजार माणसांचे जुने कागद तिघांना दिले. दुसऱ्या दोघांनी रंगीत शाई, रंगीत चिठ्ठ्या आणि कार्डे यांवर भिस्त ठेवली होती. माहिती उतरवून घ्यायला होलेरिथला बहात्तर तास लागले, इतरांना शंभराच्या वर. खरा फरक पुढे पडला. मोजदादीला इतरांना साडेचव्वेचाळीस आणि साडेपंचावन्न तास लागले आणि होलेरिथच्या यंत्राला साडेपाच.

ते यंत्र होते कसे? लिहिण्याच्या मेजासारखे मेज, समोर उभ्या फळीवर घड्याळाच्या तबकड्यांसारख्या चाळीस तबकड्या. उजव्या हाताला एक दाबयंत्र. त्यात कार्ड ठेवून वरचा दांडा खाली ओढायचा. दांड्याखाली स्प्रिंगवर बसवलेल्या बारीक सुया. जिथे पुठ्ठा आहे तिथे सुई अडते. जिथे भोक आहे तिथे ती आरपार जाऊन खालच्या वाटीतल्या पाऱ्यात बुडते, वीज वाहू लागते आणि त्या माहितीची तबकडी एका घराने पुढे सरकते. कार्ड नीट वाचले गेले की घंटा वाजे. तारांची जोडणी बदलून दोन-तीन भोकांचा मेळ एकदम मोजता येई. शेजारी कप्प्यांची एक पेटी असे. घंटेबरोबर तिच्यातल्या योग्य कप्प्याचे झाकण आपोआप उघडे, बाईने कार्ड त्यात टाकायचे आणि झाकण लावायचे. ‘बाईने’ म्हणते, कारण हे काम करणाऱ्यांत बायका पुष्कळ होत्या. विश्रांती हवी असली की काही कारकून वाटीतला पारा हळूच काढून पिकदाणीत टाकत आणि यंत्र बिघडले म्हणून सांगत, असाही किस्सा आहे. आमच्या कचेरीत पारा नव्हता, नाहीतर तो टिकला नसता.

लोकसंख्येचा ढोबळ आकडा काही महिन्यांत बाहेर आला. सहा कोटी सव्वीस लाख, दुरुस्तीनंतर सहा कोटी एकोणतीस लाख. वर्तमानपत्रे भडकली. लोकांना साडेसात कोटींची आशा होती. देश एवढा मोठा असताना आकडा लहान आला म्हणजे यंत्रच खोटे! पण हे यंत्र काय मोजत होते तिकडे फार कमी जणांचे लक्ष गेले. त्या वर्षी वंशाच्या प्रश्नाला आठ उत्तरे ठरवून दिली होती: गोरा, काळा, निम्मा काळा, पाव काळा, अष्टमांश काळा, चिनी, जपानी, इंडियन. एखाद्या माणसाच्या रक्तातला आठवा हिस्सा कुठल्या प्रगणकाने कसा मोजला असेल, देव जाणे. पण भोक एकदा पडले की ते भोक. पारा शंका घेत नाही.

इथून मी तुम्हाला व्हिएन्नाला नेते, कारण सीमाभागातल्या माणसाने या इतिहासात कुठे थांबावे असे मला विचाराल, तर तिथे.

त्या काळी ऑस्ट्रिया हे अनेक भाषांचे साम्राज्य होते. जर्मन, चेक, पोलिश, रुथेनियन, स्लोव्हेन, इटालियन, रुमानियन आणि आणखी काही. १८९० च्या अखेरीस तिथे जी जनगणना झाली, तिच्या मोजदादीसाठी अमेरिकेबाहेर होलेरिथची पद्धत सर्वांत आधी वापरणाऱ्या देशांत ऑस्ट्रिया होता. यंत्रे व्हिएन्नातच ओटो शेफ्लर या तारयंत्रे बनवणाऱ्या कारखानदाराने तयार केली. माणूस बुद्धिमान. मोजणीचा प्रकार बदलला की दर वेळी तारा सोडून पुन्हा जोडाव्या लागत, त्याऐवजी टेलिफोनच्या कचेरीतल्यासारखी जोडण्या पटकन बदलायची फळी त्याने बसवली आणि १८९५ साली तिचे पेटंट घेतले.

आता कार्डावर काय होते ते पाहा. ऑस्ट्रियाच्या जनगणनेत १८८० पासून भाषेचा प्रश्न होता. मातृभाषा विचारत नव्हते, ‘रोजच्या व्यवहाराची भाषा’ विचारत होते. उत्तर एकच द्यायचे, दोन भाषा सांगायची सोय नव्हती. उत्तरही सरकारने मान्य केलेल्या यादीतलेच हवे. गालिशियातल्या लाखो ज्यूंची यिद्दिश त्या यादीत नव्हती, म्हणून कागदावर त्यांतले बहुतेक पोलिश नाहीतर जर्मन बोलणारे झाले. बोहेमियात चेक लोकांची मोठी तक्रार अशी, की जर्मन मालकाच्या घरी राहणारी मोलकरीण आणि जर्मन कारखान्यातला मजूर यांची ‘व्यवहाराची भाषा’ जर्मन म्हणून लिहिली जाते. मोलकरीण आईला पत्र कुठल्या भाषेत लिहिते ते कार्डाला ठाऊक नसे. दर दहा वर्षांनी दोन्ही बाजूंच्या संस्था आपापल्या लोकांना काय सांगायचे ते शिकवत फिरत आणि जनगणनेचे दिवस निवडणुकीसारखे तापत. साम्राज्य मोडून चेकोस्लोव्हाकिया झाल्यावर १९२० च्या भाषा कायद्याने ठरवले, की एखाद्या न्यायालयीन जिल्ह्यात ज्या अल्पसंख्याकांचा वाटा जनगणनेप्रमाणे निदान वीस टक्के असेल त्यांना आपल्या भाषेत सरकारशी व्यवहार करता येईल. एकोणीस टक्के निघाले तर नाही. आपल्याकडे हा आकडा पंधरा आहे. तो सीमाभागातल्या शाळकरी पोरालाही पाठ असतो, म्हणून अधिक लिहीत नाही.

१९६१ च्या जनगणनेत आमच्या घरी आलेले प्रगणक शाळामास्तर होते. बेळगाव म्हैसूर राज्यात जाऊन तेव्हा चार-पाच वर्षे झाली होती. घराघरात तो विषय होता. आमच्या आजीला आम्ही अव्वा म्हणायचो. ती रहाट फिरवत बसली होती. मास्तरांनी मातृभाषा विचारली. अव्वा म्हणाली, “यार जोडी?” म्हणजे, कुणाबरोबर? मास्तरांनी नियमाप्रमाणे समजावले, की लहानपणी तुमची आई तुमच्याशी बोलायची ती भाषा. अव्वा म्हणाली, “आई मी पाळण्यात असताना गेली. आत्तीनं वाढवलं. ती कानडी बोलायची, तिचा नवरा मराठी. देवाशी मी मराठीत बोलते, बैलाशी कानडीत.” मास्तर हसले. आणखी येणाऱ्या दोन भाषांसाठी पुढे वेगळा रकाना होता, पण मातृभाषेच्या रकान्यात एकच मावत होती. त्यांनी काहीतरी लिहिले. काय लिहिले ते आम्ही पाहिले नाही आणि अप्पांनी विचारले नाही.

तो कागद कुठे मोजला गेला असेल, याचा विचार मी मुंबईला गेल्यावर करू लागले. आपल्याकडची जनगणना फार उशिरापर्यंत हाताने मोजली जाई. १९०१ पासून इंग्रज सरकारने चिठ्ठ्यांची पद्धत आणली होती. तिचे मूळ बव्हेरियातले. माणसागणिक एक चिठ्ठी, धर्मागणिक चिठ्ठीचा रंग वेगळा, आणि कबुतरखान्यासारख्या कप्प्यांपुढे बसून त्या वाटायच्या. म्हणजे होलेरिथचेच तत्त्व. सुयांच्या आणि पाऱ्याच्या जागी माणसाची बोटे. आपल्याकडे माणसे स्वस्त होती, यंत्र महाग.

होलेरिथच्या पुढच्या आयुष्यात मला फारसा रस नाही, पण सांगितले पाहिजे. १८९६ साली त्याने कंपनी काढली, रेल्वेच्या मालाचे हिशेब घेतले, यंत्रे विकायची नाहीत, भाड्याने द्यायची, असे धोरण ठेवले. १९०० ची शिरगणतीही त्याच्या यंत्रांनी झाली. मग भाड्यावरून सरकारशी भांडण. खानेसुमारीच्या कचेरीने स्वतःचा कारखाना घालून जेम्स पॉवर्स या रशियातून आलेल्या इंजिनिअरकडून वेगळी यंत्रे करवून घेतली, आणि १९१० ची मोजणी त्यांवर केली. १९११ मध्ये होलेरिथची कंपनी तराजू आणि हजेरीची घड्याळे बनवणाऱ्या कंपन्यांबरोबर एका मोठ्या कंपनीत विलीन झाली. १९१४ मध्ये तिथे थॉमस वॉटसन आला आणि १९२४ मध्ये तिचे नाव आयबीएम झाले. १९२८ साली तिने गोल भोकांऐवजी उभट चौकोनी भोके आणि ऐंशी उभे रकाने असलेले कार्ड काढले. तेच माझ्या हातात आले होते. होलेरिथ १९२९ साली वॉशिंग्टनला वारला.

इंग्रजांच्या राज्यात होलेरिथची यंत्रे पुरवण्याचा मक्ता ब्रिटिश टॅब्युलेटिंग मशीन या कंपनीकडे होता. तो करार १९४९ साली तुटल्यावर आयबीएम १९५१ मध्ये स्वतः भारतात आली. कलकत्त्यात महालनोबिसांच्या सांख्यिकी संस्थेने अशी कार्डे वापरलीच. पुढे विमा, रेल्वे, गिरण्यांच्या कचेऱ्या सगळीकडे ती गेली.

आमचे काम असे. समोर कागद, उजव्या हाताखाली कळफलक. ऐंशी रकाने, प्रत्येक रकान्यात बारा जागा. शून्य ते नऊ यांसाठी एकेक भोक, अक्षरासाठी त्याच रकान्यात दोन. एक ते पाच रकान्यांत क्रमांक, पुढे वय, पुढे तारीख, असे ठरलेले असे. एखाद्याचे नाव लांब असले तर ते कापायचे. आमच्याकडे कितीतरी कुलकर्णी ‘कुलकर्’पाशी संपत. मी टोचलेले कार्ड दुसरी मुलगी पडताळणीच्या यंत्रावर तोच कागद पाहून पुन्हा टंकत असे. तिचे आणि माझे जुळले तर कार्डाच्या कडेला एक खाच पडे. दोघींनी एकच चूक केली, तर ती चूक कायमची खरी. मग वर्गीकरणाचे यंत्र. मिनिटाला सहाशेच्या वर कार्डे गिळायचे, पण एका वेळी एकच रकाना पाहायचे. पाच आकडी क्रमांक लावायचा, तर तोच गठ्ठा पाच वेळा फिरवायचा, आणि तोही उजवीकडच्या आकड्यापासून. हे मला पहिल्या आठवड्यात पटलेच नव्हते. गठ्ठा बरोबर लागला का हे पाहायला आम्ही विणकामाची सुई भोकातून आरपार घालत असू. सुई अडली की कुठेतरी परके कार्ड शिरले आहे. पावसाळ्यात हवेने कार्डे फुगत आणि यंत्रात अडकत. मुंबईत वातानुकूलन म्हणजे काय ते मला कार्डांमुळे कळले. ते आमच्यासाठी नव्हते.

यंत्रांमुळे नोकऱ्या जातील म्हणून तेव्हा मोठी आंदोलने झाली. १९६९ साली केंद्र सरकारने स्वयंचलनाचा अभ्यास करायला वि. म. दांडेकरांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिचा अहवाल १९७२ मध्ये आला. मीही मोर्चात गेले होते. यंत्र आमची भाकर हिरावेल अशी घोषणा द्यायची आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच यंत्रापुढे बसायचे, यातली गंमत तेव्हा जाणवली नाही. अखेर आमचे काम गेले ते संगणकाच्या पडद्यामुळे, माणसांमुळे नव्हे. आयबीएम १९७८ साली देश सोडून गेली. कार्डे त्यानंतरही काही वर्षे रेंगाळली.

आणखी एक माणूस सांगितल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही, आणि त्याच्यामुळे आपण पुन्हा लियोंला पोहोचतो. रने कार्मिय हा फ्रेंच सैन्यातला हिशेबखात्याचा अधिकारी, कार्डयंत्रांचा मोठा जाणकार. १९४० मध्ये फ्रान्स पडल्यावर त्याने लियोंमध्ये लोकसंख्येची नोंद ठेवणारी कचेरी उभी केली. माणसागणिक क्रमांक देण्याची त्याची पद्धत आजही फ्रान्सच्या सामाजिक विम्यात चालते. शेजारच्या जर्मनीत १९३३ आणि १९३९ च्या जनगणना होलेरिथ यंत्रांवर मोजल्या गेल्या होत्या. कोण ज्यू आहे, कुणाचे आजी-आजोबा ज्यू होते, हे १९३९ मध्ये घरोघर लिहून घेतले गेले. त्याचे पुढे काय झाले ते जगाला माहीत आहे. कार्मियच्या कचेरीतही ज्यूंच्या नोंदी आल्या होत्या. ते काम रेंगाळत राहिले. त्याने ते जाणूनबुजून रेंगाळत ठेवले असे सांगणारे आहेत; संशोधकांत याबद्दल एकमत नाही. पण एवढे निश्चित, की सैन्यातून सुटलेल्या जवानांची कार्डे त्याने गुपचूप वेगळी लावून ठेवली होती, पुन्हा फौज उभारायची वेळ आली तर हाताशी असावीत म्हणून. आणि तो गुप्त चळवळीत होता. १९४४ च्या फेब्रुवारीत त्याला लियोंमध्येच अटक झाली. २५ जानेवारी १९४५ रोजी दाखाऊच्या छावणीत तो मरण पावला. ज्या गावात पुठ्ठ्याला पहिल्यांदा वाचा फुटली, त्याच गावात एका माणसाने पुठ्ठ्याला गप्प ठेवण्याचा प्रयत्न केला असावा, असे मला वाटते. पुरावा मी देऊ शकत नाही. वीस वर्षे कार्डे टोचल्यावर एवढे मात्र कळते, की ज्याला यंत्र चालवता येते त्यालाच ते हळू चालवता येते.

१९६७ च्या दिवाळीला मी पहिल्यांदा घरी आले, तेव्हा येताना कचेरीतून एक कार्ड आणले होते. त्यावर अव्वाचे नाव टोचले होते. वरच्या कडेला यंत्र अक्षरे छापत असे, पण ती इंग्रजी; मराठीही नाही आणि कानडीही नाही. तिला त्यातले काहीच वाचता येत नव्हते. फराळाचे ताट बाजूला सारून तिने ते हातात घेतले, उलटेसुलटे केले, दारात जाऊन उजेडापुढे धरले. भोकांतून आलेले उन्हाचे ठिपके तिच्या गालावर पडले. बराच वेळ पाहून झाल्यावर तिने अप्पांना हाक मारली आणि कार्ड त्यांच्या हातात दिले.

“ह्याचा काठ कुठला येतो रे?” तिने विचारले. “भोकं फारच कमी पाडल्यात पोरीनं.”